आश्रमशाळेची सिक रूम: कपाट, वही आणि रात्र

आरबीएसकेची गाडी आवारात येते त्या दिवशी सगळं नीट असतं. नखं कापलेली, केस विंचरलेले, वर्गवार याद्या तयार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (आरबीएसके) सुरुवातच ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून झाली, त्यामुळे इथल्या आश्रमशाळांना हे पथक नवं नाही. दोन आयुष डॉक्टर, एक सिस्टर, एक औषधनिर्माता. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधली जन्मजात व्यंगं, पोषणाची कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब अशा ३० प्रकारच्या अडचणी शोधायच्या आणि सापडलेलं मूल पुढे पाठवायचं. मूळ रचनेत अंगणवाडीला वर्षातून दोन भेटी आहेत, शाळेला एक. काम मोलाचं आहे. पण ते एका दिवसाचं आहे, आणि मुलं तिथे वर्षभर राहतात.

गावातल्या शाळेतलं मूल संध्याकाळी घरी जातं. रात्री अंग तापलं तर आईच्या हाताला कळतं. आश्रमशाळेत तो हात नसतो. सहा वर्षांचं पोर, घरी पावरी किंवा कोरकू बोलणारं, मराठी अजून अर्धवट समजणारं. ते आपणहून अधीक्षकांकडे येऊन दुखणं सांगेल असं धरून चालू नका. सिक रूमचं पहिलं काम मूल आजारी आहे हे ओळखणं. औषध त्यानंतर.

त्यासाठी दिवसातून दोन फेऱ्या लागतात. एक सकाळी, प्रार्थनेच्या आधी: कोण अंथरुणातून उठलं नाही, कोण लंगडतंय, कोणाचे डोळे चिकटलेत. दुसरी रात्री, दिवे मालवण्याआधी: कोण कण्हतंय, कोण खाजवतंय, कोणाचं अंग गरम आहे. दोनशे मुलांना वीस मिनिटं पुरतात. या दोन्हींच्या मधली बातमी स्वयंपाकघरात मिळते. ताट न संपवलेलं मूल कामाठीला सगळ्यांच्या आधी दिसतं. अधीक्षक आणि सिस्टर यांनी जेवणानंतर त्यांना रोज एकदा विचारावं, "आज कोण जेवलं नाही?" या प्रश्नातून जेवढे आजार लवकर सापडतात तेवढे तपासणीच्या रांगेतूनही सापडत नाहीत.

खोली आणि कपाट

खोली वेगळी हवी, धान्याच्या कोठारातला कोपरा चालत नाही. मुलांसाठी आणि मुलींसाठी निदान दोन-दोन खाटा, खिडकीला जाळी, जवळ संडास, हात धुवायला साबण आणि पाणी, रात्री वीज गेली तर चालणारा दिवा. उपकरणं थोडीच लागतात: दोन डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, सेकंद काटा असलेलं घड्याळ, टॉर्च, मोजमाप केलेलं लिटरचं भांडं आणि औषधाचं मापाचं टोपण. वजनकाटा दर महिन्याला तपासा. दहा लिटर पाण्याने भरलेला कॅन ठेवला की काट्याने दहा किलो अधिक रिकाम्या कॅनचं वजन दाखवलं पाहिजे. काटा दीड किलो चुकला तर औषधाचा डोसही चुकतो आणि कुपोषित मूल कागदावर ठणठणीत दिसतं.

औषधांत पॅरासिटामॉल, ओआरएस, जखमेसाठी पोव्हिडोन आयोडिन, गॉज आणि बँडेज, खाजेसाठी कॅलामाइन, एवढं सतत शिल्लक असावं. बाकीचं डॉक्टरांनी नाव घालून दिलेलं, त्या मुलाच्या पाकिटात. अर्धवट उरलेल्या प्रतिजैविकांच्या पट्ट्या, स्टिरॉइड असलेली 'सगळ्या खाजेवर चालणारी' मलमं आणि इंजेक्शनं कपाटात ठेवू नयेत. ठेवली की कधीतरी वापरली जातात. स्टिरॉइडने गजकर्ण दोन दिवस बरं वाटतं, मग पसरतं आणि ओळखूही येत नाही. मुदत लवकर संपणारं औषध पुढे, नंतरची मागे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तारखा बघायच्या.

पॅरासिटामॉलमध्ये एक चूक वारंवार होते. डोस वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. २० किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी पुरते. पण सिरप दोन ताकदीचं येतं. एकात ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात २५०. बाटल्या सारख्याच दिसतात. "दोन टोपणं द्या" असं तोंडी सांगितलं की एका मुलाला अर्धा डोस जातो, दुसऱ्याला दुप्पट. बाटलीवर मार्करने ताकद मोठी लिहून ठेवा.

ओआरएसचंही तसंच. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, लहान पाकीट २०० मिलिलिटरमध्ये, पूर्ण पाकीट एकदम. मोठ्या पाकिटातलं थोडं पेल्यात टाकून दिलं तर पाणी जास्त खारट होतं आणि जुलाब वाढू शकतात. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. एकाच दिवशी तीन मुलांना जुलाब लागले तर ओआरएस देता देताच टाकीकडे चला: पाण्याची ओटी टेस्ट (क्लोरीन आहे का ते बघणारी) करा, टाकी धुतल्याची तारीख बघा, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर डबा उघडा राहून निकामी झाली आहे का पाहा, आणि त्याच दिवशी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) कळवा.

वही

कपाटापेक्षा वहीला जास्त जपावं असं आमचं ठाम मत आहे. रकाने साधे: तारीख, वेळ, नाव, इयत्ता, वजन, तक्रार, तापमान, काय दिलं आणि किती, किती वाजता, पुन्हा कधी बघितलं, काय दिसलं. शेवटचे दोन रकाने बहुतेक वह्यांमध्ये नसतातच. 'ताप, गोळी दिली' एवढी नोंद रात्रपाळीच्या माणसाच्या काहीच उपयोगाची नाही. आधीची गोळी किती वाजता दिली हे त्याला कळत नाही आणि तो पुन्हा देतो.

प्रत्येक मुलाचं एक वेगळं पान हवं. त्यावर दर महिन्याचं वजन, दर सहा महिन्यांनी उंची, दृष्टी, सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या तपासणीचा निकाल, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्प) लस. वजन सलग दोन महिने वाढलं नाही किंवा कमी झालं तर त्या मुलाला स्वतंत्र बोलावून विचारायचं: जेवण, खोकला, जंत, आणि घरची आठवणही. जून-जुलैमध्ये पहिलीत आलेल्या मुलांचं पोट रोज सकाळी दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी थांबतं. ते दुखणं खोटं नसतं. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर काही बोलू नये. त्याला रात्री एकदा उठवावं आणि चादर गुपचूप बदलावी.

खरूज

आश्रमशाळेतला सगळ्यात चिवट आजार हाच. औषध सोपं आहे, तरी तो जात नाही, याचं कारण उपचार एकेकट्या मुलावर होतो. खरजेचा किडा पहिल्यांदा अंगावर आला की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे आज ज्याला काहीच नाही असं मूलही शेजारच्याला किडा देत असतं. खाजणाऱ्या दहा जणांना मलम लावलं की महिन्याभरात तेच दहा पुन्हा रांगेत येतात.

उपचार पूर्ण खोलीचा, एकाच रात्री. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, कोरड्या अंगावर. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, मनगट, काखा, बेंबी, जांघा, कुल्ले, पायाचे तळवे. जिथे खाज आहे तिथेच लावणं ही दुसरी मोठी चूक. आठ ते बारा तास अंगावर राहू द्यायचं. मधे हात धुतले तर हाताला पुन्हा लावायचं, म्हणून जेवण आटोपल्यावर झोपताना लावणं बरं. शनिवारी रात्री लावा, रविवारी सकाळी आंघोळ. पुढच्या शनिवारी तेच परत. दुसरी फेरी टाळली तर पहिली वाया जाते, कारण अंड्यातून बाहेर आलेले किडे उरतात.

रविवारी सकाळी कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. गरम पाणी सगळ्यांना पुरत नसेल तर कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. खोलीत झोपणारा मोठा माणूस असेल तर त्यालाही मलम लावायचं.

आता हिशेब. मोठ्या मुलाला एका वेळी ३० ग्रॅमची जवळजवळ एक ट्यूब लागते. २०० मुलं, दोन फेऱ्या, म्हणजे मागणी ४०० ट्यूबच्या आसपास. प्रत्यक्षात ५० आल्या तर प्रत्येक वर्गाला थोड्या-थोड्या वाटायच्या नाहीत. पंचवीस मुलांची एक खोली घ्या, दोन्ही फेऱ्या पूर्ण करा, त्यांची झोपण्याची जागा वेगळी ठेवा, आणि उरलेल्यांसाठी पीएचसीकडे आकडा लिहून मागणी करा. डॉक्टर काही वेळा आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात; १५ किलोखालच्या मुलांना ती देत नाहीत, म्हणून वजनाची यादी आधीच सोबत द्यावी.

उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहते. त्यामुळे औषध लागू पडलं नाही असं समजून रोज मलम चोपडू नका, कातडी भाजल्यासारखी होते. नवे फोड येतात का एवढं बघा. पू झालेल्या खरजेला मात्र थांबू नका. त्या जंतूंमुळे काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते: सकाळी चेहरा सुजलेला, लघवी चहाच्या रंगाची आणि कमी. असं मूल त्याच दिवशी रुग्णालयात गेलं पाहिजे.

दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुलं परत येतात त्या पहिल्याच दिवशी बोटांच्या बेचक्या आणि डोक्यातल्या उवा बघितल्या तर पुढचे सहा महिने सोपे जातात.

निळी गोळी

पाच ते नऊ वर्षांसाठी गुलाबी गोळी, ४५ मिलिग्रॅम लोह. दहा ते एकोणीससाठी निळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. आठवड्यातून एक, ठरलेल्या वारी, दुपारच्या जेवणानंतर, शिक्षकांसमोर. उपाशीपोटी दिली की मळमळ होते. एकाला उलटी झाली की रांगेतल्या दहांना मळमळतं, गावात 'गोळीने विषबाधा' अशी बातमी जाते आणि पुढचे सहा महिने पालक गोळी घेऊ देत नाहीत. म्हणून वर्गावर्गाने द्या, ज्याला ताप किंवा पोटदुखी आहे त्याला त्या दिवशी वगळा, बॅच नंबर आणि मुदत वहीत लिहा, आणि शौचाला काळं होईल हे आधीच सांगा. गोळीनंतर तासभर चहा नको. शिक्षकांनी मुलांसमोर स्वतः गोळी घेतली तर बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. त्या दिवशी आजारी किंवा गैरहजर असलेल्यांची यादी करून त्यांना नंतरच्या मॉप-अप दिवशी द्यायची.

साप्ताहिक गोळी हा बचाव आहे. ज्या मुलाच्या पापणीच्या आतली बाजू, जीभ आणि तळहात पांढरे पडलेत त्याला हिमोग्लोबिन तपासायला पाठवा. पाच ते अकरा वर्षांत ११.५च्या खाली आणि बारा ते चौदात १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि ८च्या खाली तो तीव्र. नंदुरबार, पालघर, गडचिरोली, चंद्रपूर अशा भागांत अशा मुलाची सिकलसेल तपासणी झाली आहे का ते आधी बघा. सॉल्युबिलिटी टेस्ट फक्त 'आहे की नाही' सांगते. मूल वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) आहे की रुग्ण हे प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंतरच कळतं. शाळेच्या यादीत दोघांपुढेही नुसतं 'सिकलसेल पॉझिटिव्ह' लिहिणं घातक आहे: वाहक मुलाला उगाच खेळातून बाहेर काढतात आणि रुग्ण मूल इतरांमध्ये हरवून जातं. सिकलसेलच्या रुग्णाला लोह डॉक्टरांना विचारूनच द्यावं. त्याला वर्गात पाण्याची बाटली आणि लघवीला जायची मोकळीक हवी, थंडीत गार पाण्याची आंघोळ नको. त्याला ताप आला तर सकाळपर्यंत वाट बघू नका. त्याच्यासाठी ताप ही तातडीचीच बाब आहे.

ताप आणि रात्र

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर असेल तर हिवतापाची तपासणी त्याच दिवशी. आशाताईंकडे रॅपिड किट असतं, तपासणीला बोट टोचून थेंबभर रक्त पुरतं. गोळीने ताप उतरला म्हणून तपासणी टाळू नका. मूल पाणी पीत नाही, सगळं ओकतंय, गुंगीत आहे, झटका आला, मान ताठ आहे, किंवा शांत पडलेलं असताना श्वास मिनिटाला तीसच्या वर आहे, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करायचा. झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवा, वेळ बघा, आजूबाजूच्या वस्तू सरकवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका.

पावसाळ्यातल्या एका दुखण्याची माहिती प्रत्येक अधीक्षकाला पाठच असायला हवी. मूल पहाटे उठतं, पोटात कळ येते म्हणतं, उलटी होते. अंगावर कुठे काही खूण नाही. अपचन समजून त्याला ओवा देतात, झोपवतात. तासाभरात पापण्या जड होतात, बोलणं अस्पष्ट होतं, थुंकी गिळता येत नाही, मग श्वास थांबायला लागतो. हा मण्यारचा दंश असू शकतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावा इतका हलका की झोप मोडतही नाही. पहाटेची पोटदुखी आणि पापणी उचलता न येणं हे एकत्र दिसलं की साप दिसला नसला तरी सर्पदंश समजून निघायचं.

बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. मुलाला चालवू नका, कुशीवर झोपवून न्या म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून नेण्याची गरज नाही. कुठे जायचं हे मात्र आधी ठरलेलं असावं. मण्यारच्या दंशात लसीइतकीच कृत्रिम श्वासाची सोय महत्त्वाची. जवळच्या कोणत्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दोन्ही आहे हे जूनमध्ये जाऊन विचारा आणि नाव भिंतीवर लिहून ठेवा. खाटा, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, दाराखालची फट बंद, धान्य आणि उंदीर झोपायच्या खोलीपासून लांब: एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो. खाटा पडून असतात आणि मुलं जमिनीवर झोपतात असं दिसलं तर त्याच दिवशी बोला.

दृष्टी तपासणी शाळेतही होते, आणि ती बिघडते ती अंतरामुळे. सहा मीटरची दोरी मोजून जमिनीवर रेघ मारा. एकेक डोळा पुठ्ठ्याने झाका. तळहाताने दाबला की झाकलेला डोळा नंतर धूसर दिसतो. रांगेतली मुलं तक्ता पाठ करतात, म्हणून त्यांना खोलीबाहेर उभं करा. वाचता न येणाऱ्यांना 'ई'च्या दांड्या कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवू द्या.

मुलींसाठी स्त्री अधीक्षिका किंवा सिस्टर असल्याशिवाय तपासणी नको, आणि पॅड मागण्यासाठी कोणासमोर उभं राहावं लागू नये. ते आतल्या कपाटात, हाताला येतील असे असावेत. कोणत्याही मुलाने किंवा मुलीने अत्याचाराबद्दल सांगितलं तर उलटतपासणी करू नका, आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८.

पुढे पाठवलेलं मूल

रेफर करताना चिठ्ठीवर वजन, लक्षणं कधीपासून, दिलेली औषधं वेळेसह, सिकलसेलचा निकाल आणि पालकांचा नंबर. सोबत जाणारा माणूस मुलाची भाषा बोलणारा हवा. पालकांना फोन मूल निघतानाच, पोचल्यावर नाही. आणि रेफर वहीत 'परत आल्यावर' असा रकाना आखा: निदान काय, कोणतं औषध किती दिवस, पुन्हा कधी बोलावलंय. पथकाने वर्षापूर्वी हृदयाचा आवाज ऐकून पाठवलेलं मूल इको (हृदयाची सोनोग्राफी) न होताच परत येऊन बसलंय, हे फक्त या रकान्यातून कळतं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी ही वही उघडा. ज्यांचं रोजचं औषध चालू आहे, झटक्यांचं, क्षयाचं, सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया, त्यांना सुट्टीचे दिवस अधिक तीन अशा गोळ्या मोजून पाकिटात द्या. पाकिटावर नाव आणि वेळ लिहा, न्यायला आलेल्या पालकांना एक गोळी हातात घेऊन दाखवा, आणि त्यांच्या गावच्या आशाताईंना फोन करून पाकीट किती तारखेपर्यंत पुरेल ते सांगा.